घरच्या मिस्त्रीकामाची ठेकेदारी करताना

वडील मिस्त्री, एक मुलगा साइटवर, दुसरा मालाच्या मागे. या घडीवर वर्षाला तीन-चार घरं निघतात. त्यापुढे गाडं अडतं ते बहुधा पैशापाशी. एका साइटची उचल दुसऱ्या साइटच्या सिमेंटला जाते, त्यातूनच घरचं लग्न किंवा दवाखाना निघतो आणि स्लॅबच्या वेळी हात रिकामे असतात. म्हणून मशिनरीच्या आधी पैसा वेगळा करा. धंद्याचं चालू खातं, प्रत्येक साइटची स्वतंत्र वही आणि घरातल्या प्रत्येकाला ठरलेला महिन्याचा पगार, वडिलांनासुद्धा. उरलेल्याचा हिशेब वर्षाअखेर.

भाऊ-भाऊ मिळून करत असाल तर भागीदारीपत्र नुसतं करून ठेवू नका, भागीदारी संस्थेची नोंदणीही करा. नोंदणी नसलेली संस्था करारावरची थकबाकी वसूल करायला गिऱ्हाइकावर दावा लावू शकत नाही. आणि दर सांगणारा माणूस एकच असावा. ओट्यावर बसून दिलेला शब्द मोडायला फार जड जातो.

खरी भांडणं होतात ती चौरस फुटावरून. ‘स्क्वेअर फुटाला अमुक’ एवढंच ठरतं. मोजायचं कसं, हे ठरत नाही. करारात लिहा: मोजमाप स्लॅबच्या बाहेरच्या कडेने की भिंतीच्या; सज्जा, गॅलरी, जिन्याची टोपी, पॅरापेट, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी दरात आहे की वेगळी. पाया किती फुटांपर्यंत दरात धरला, तेही लिहा. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत मुरूम कधी चार फुटांवर लागतो, कधी आठवर. ‘५ फुटांपर्यंत दरात, पुढे खोदाई आणि भराई ब्रासवर’ (ब्रास म्हणजे १०० घनफूट) हे एक वाक्य नसेल तर जास्तीचा खड्डा तुमच्या खिशातून जातो. खोदलेली काळी माती जोत्यात भरू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी उचलते. भराई मुरमाची, पाणी मारून थरावर थर.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा. मालासकट कामाला चालण्यासारखी एक वाटणी: सुरुवातीला १०%, जोत्याला २०, कॉलम-लिंटेलला १५, स्लॅबला ३०, वीटकामाला १०, गिलाव्याला १०, ताबा देताना ५. स्लॅबचा हप्ता सळई उतरण्याआधी घ्या, कारण सगळ्यात मोठा खर्च एकाच आठवड्यात येतो. १००० चौरस फूट, ५ इंची स्लॅब म्हणजे ११.८ घनमीटर काँक्रीट. १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) या मिश्रणाला सिमेंटच्या ९४-९५ गोण्या, पावणेदोन ते दोन ब्रास वाळू, साडेतीन ते पावणेचार ब्रास खडी, बीम वेगळे. गिऱ्हाईक शेतकरी असेल तर सोयाबीन किंवा कापूस कधी विकला जाईल ते विचारून तारीख धरा.

सळई उतरवताना वजन पडताळा. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिमीची १२ मीटरची कांडी साधारण १०.६७ किलो भरते. थोडाफार फरक चालतो, पण पूर्ण गाडीत एकसारखी तूट आली तर परत पाठवा.

पहिली खरेदी सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅब ओतायच्या प्लेटा आणि टेकूंची. जेसीबी पुढचा विषय, तो भाड्याने मिळतोच. १००० चौरस फुटांना ३ बाय २ फुटांच्या सुमारे १६७ प्लेटा आणि सव्वाशेच्या आसपास टेकू लागतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू साध्या (ओपीसी) सिमेंटला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस काढता येत नाहीत. सहा मीटरपुढच्या बीमला २१. तेवढे दिवस सेट अडकून पडतो, म्हणून एकाच पंधरवड्यात दोन स्लॅब घेतले तर सेटही दोन लागतात. इथेच घाई होते आणि स्लॅब लवतो.

माणसांचं वेळापत्रक साखर कारखान्यांच्या हातात असतं. गाळप सुरू झालं की बीडकडचे बिगारी ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तेव्हा जड कामं उन्हाळ्यात ठेवा, पण पाणी आधी पाहा: उन्हात किमान १० दिवस क्युरिंग (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं) लागतं आणि टँकरचा खर्च कोणाचा, हे करारात हवं.

सरकारी काम घ्यायचं तर ई-निविदेसाठी डिजिटल सही लागते. जीएसटी नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांवर जाताच लागते, काम सरकारी असो वा खासगी. बिलातून काय कापलं जातं ते दर भरण्याआधीच मांडा: भागीदारी संस्थेला आयकर २%, अडीच लाखांवरच्या कामाला जीएसटीची कपात २%, कामगार उपकर १%, शिवाय निविदेतली सुरक्षा ठेव. पहिल्या दोन कपाती पुढे वळत्या होतात, उपकर परत येत नाही. तो दरातच धरा. सुरक्षा ठेव दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर दोष दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ) संपेपर्यंत अडकते. अंदाजपत्रकाच्या खूप खाली दर भरला तर जादा ठेवही भरावी लागते. पहिलं बिल लांबलं तरी मजुरी आणि मालाची उधारी तीन महिने पेलता येईल एवढंच काम उचला. आणि सरकारी इंजिनिअरच्या मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय पाया किंवा सळई झाकू नका, झाकलेल्याचे पैसे मिळवणं अवघड.