कारखान्यात स्वयंचलित यंत्र येणार असेल तर कामगाराने काय करावे

गोव्यातील वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंग लाइनवर काम करणाऱ्याला नव्या यंत्राची चाहूल पुष्कळदा नोटीस लागण्याआधीच, जागेची मापे घ्यायला आलेल्या माणसांवरून लागते. त्याच दिवशी एक वही करावी आणि आपण पाळीत प्रत्यक्ष काय काय करतो ते पुढचे पंधरा दिवस लिहून ठेवावे.

नुसता हुद्दा लिहून भागत नाही. खोक्यात पाकिटे भरणे, वजन पाहणे, रिकामा कप्पा हेरणे ही कामे यंत्र घेईल आणि कॅमेरा ती न थकता करील, हे मान्य करण्यातच हित आहे. पण एक बॅच संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी आधीच्या औषधाची एकही गोळी किंवा लेबल लाइनवर राहिले नाही याची खात्री करणे, अडकलेली फॉइल सोडवणे, यंत्राने बाजूला काढलेला माल खरोखरच बाद आहे का ते पाहणे, ही कामे माणसाकडेच राहतात. वहीत त्यांच्याखाली रेघ ओढावी आणि यंत्र बसवायला पुरवठादाराचे तंत्रज्ञ येतील तेव्हा आपल्याला त्यांच्यासोबत ठेवावे, अशी लेखी मागणी व्यवस्थापनाकडे करावी. यंत्र उघडे असताना जे शिकता येते ते पुढे कोणत्याही वर्गात शिकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता कायद्याविषयी. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. यंत्रसामग्रीतील सुधारणेमुळे कामगार कपात होण्याची शक्यता असेल, तर मालकाने बदलापूर्वी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना किमान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे बंधनकारक आहे. नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून आणखी १५ दिवसांचे वेतन कपातीनंतर ४५ दिवसांत खात्यावर जमा व्हायला हवे.

हे सारे हक्क कपातीचे आहेत, राजीनाम्याचे नव्हेत. म्हणून ‘स्वखुशीने काम सोडत आहे’ असा मजकूर असलेला कागद समोर आला, तर तो घरी नेऊन, जाणत्या माणसाला दाखवून, मगच सहीचा विचार करावा. घाईत केलेल्या एका सहीने कितीतरी वर्षांच्या सेवेची भरपाई हातची जाते.

कंत्राटी कामगारांनी गेटपास, पगारपत्रके आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी विशेष जपाव्यात, कारण कंत्राटदार बदलत गेला की सलग सेवा सिद्ध करणे फार अवघड होते. वाद उद्भवलाच तर हीच कागदपत्रे घेऊन पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनातील कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा. त्यात उशीर करू नये, कारण वाद उद्भवून दोन वर्षे उलटली की समेटाची, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवण्याची, कार्यवाही चालवता येत नाही.