ज्येष्ठांचा रक्तदाब घरी कसा मोजावा आणि सांभाळावा

वाढत्या वयात रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यामुळे पुष्कळ ज्येष्ठांचा रक्तदाबाचा फक्त वरचा आकडा चढलेला असतो. खालचा बरा आहे म्हणून अशा वाढीकडे दुर्लक्ष करू नये.

मोजण्यासाठी दंडाला बांधायच्या पट्ट्याचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असावा, कारण तोकड्या पट्ट्यावर आकडा उगाच जास्त येतो. बाजारहाट करून, चाळीचे तीन जिने चढून आल्याआल्या मोजण्यात अर्थ नाही. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, लघवी करून यावे, मग पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड उघडा व छातीच्या पातळीवर असावा आणि मोजताना बोलू नये. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आठवडाभराची नोंद डॉक्टरांना दाखवावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ती वाढलेली समजतात.

बहुतेक घरांत उभ्याने मोजणे राहून जाते. माझ्या मते ज्येष्ठांसाठी ते तितकेच गरजेचे आहे, कारण गोळ्यांमुळे उठताच दाब उतरून रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना तोल जाऊ शकतो. कोणाला तरी शेजारी ठेवून, उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मुंबईच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा जुलाब झाल्यावर हा धोका वाढतो.

दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या, आत ठेवावे; त्यात पापड, लोणचे, फरसाण आणि सुके बोंबीलही मोजावेत. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असल्यास ते विचारल्याशिवाय वापरू नये. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही दाब वाढतो.

आकडा सुधारला म्हणून गोळी मनाने बंद करू नये. खर्चाची अडचण असल्यास महापालिकेच्या ‘आपला दवाखान्या’त चौकशी करावी. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसल्यास, आकडा कितीही असो, पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन करावा.