करवंद लावलंय? मग पौष संपायच्या आत जाळरेषा काढा

डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडलंय. मावळ, मुळशी, भोर, जावळी आणि खाली कोकणातल्या वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनींवर ज्यांनी करवंद लावलंय, त्यांनी बाकीची कामं बाजूला ठेवून आधी जाळरेषा काढावी, म्हणजे लागवडीभोवती गवत-पाचोळा काढून आग अडवणारा मोकळा पट्टा करावा. करवंदीला पाणी कमी पडलं, खत चुकलं, तरी ती तग धरते. रोगानं अख्खी जाळी (करवंदीचं काटेरी झुडूप) गेलेली क्वचितच दिसते. वणव्यानं गेलेल्या दर उन्हाळ्यात दिसतात. माघ-फाल्गुनात जाळी पांढऱ्या फुलांनी भरते, त्याच दिवसांत खाली कोणी राब भाजतं (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतं), कोणी गवत पेटवतं, दुपारचा वारा सुटतो आणि वैशाखात विकायला एक करवंद उरत नाही.

आग चढणीला पळते. म्हणून दरीच्या बाजूचा पट्टा रुंद हवा: खाली १५ ते २० फूट, बाकी तिन्ही बाजूंना निदान १० फूट. नुसतं गवत कापून तिथंच टाकलं तर काम फुकट. दाताळ्यानं ओढून गोठ्याकडं न्या. साग-ऐनाची पानगळ झाली की पट्ट्यावर पुन्हा पाचोळा साचतो, त्यामुळे महिन्याभरानं परत झाडायचं.

सगळ्यात जास्त हयगय होते ती जाळीच्या पोटातल्या गवताची. काटे लागतात म्हणून गडी आत हात घालत नाहीत, आणि बुंधा भाजतो तो नेमका त्याच गवतानं. लांब दांड्याची आकडी करून ते ओढून काढा. मजुरी जास्त गेली तरी चालेल.

दुकानदार सांगेल, कापायला माणसं कुठं शोधता, तणनाशक मारा. मारू नका. फवारलेलं गवत नाहीसं होत नाही, जागच्या जागी उभं वाळतं. पैसे मोजून सरपण तयार करण्यासारखं आहे ते. आच्छादनाचंही तसंच. सपाट बागेत, पाणी जवळ असेल तिथं बुंध्याला गवताचं आच्छादन जरूर करा. डोंगरावर मात्र आत्ता ते बाजूला ओढा, पाऊस लागला की पुन्हा घाला.

राब भाजणारे शेजारी आपलेच असतात. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा: भाजणी सकाळी, वारा पडलेला असताना, पाण्याचे हंडे आणि हिरवे डहाळे हाताशी ठेवून. जाळल्यानं पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं म्हणणारे भेटतील. उघडी पडलेली माती पहिल्या वळवात कुठं जाते ते त्यांना दाखवा. वनहद्दीला लागून जमीन असेल तर वनरक्षकाचा नंबर घेऊन ठेवा. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइनही आहे.

बाकीची कामं:

- नवी लागवड: पाऊस स्थिरावल्यावर, ६० सेंमीचे खड्डे, खड्ड्यात १० किलो शेणखत.
- अंतर: कुंपणासाठी १ ते १.५ मीटर, बागेसाठी ३ मीटर.
- जात: दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’.
- बी: पिकल्या फळाचं, ताजंच पेरा, वाळवून ठेवलेलं उगवत नाही.
- छाटणी: फळं उतरल्यावर, मेलेल्या आणि गुंतलेल्या फांद्यांची.
- पिठ्या ढेकूण दिसला तर: ५ टक्के निंबोळी अर्क.
- लोणच्याची हिरवी फळं: चैत्रात, देठासकट.

फुलोऱ्याचं टॉनिक म्हणून रंगीत बाटल्या येतील. करवंदीला त्यांची गरज नाही. त्या पैशात दोन माणसांची गवतकापणी होते. माझा आपला अंदाज असा, की थंडी लांबली की फुलं उशिरा येतात आणि मग ती ऐन वणव्याच्या दिवसांत सापडतात. यंदा गारठा रेंगाळला तर फाल्गुनात जास्त सावध राहा.

एवढं करूनही आग आत शिरलीच, तर जाळी उपटू नका. मुळं बहुधा जिवंत असतात. मे अखेरीस जळके फोक जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, कापाला १० टक्के बोर्डो पेस्ट लावा (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी; भांडं प्लास्टिकचं). पावसात धुमारे फुटतील, त्यातले चार-पाच जोमदार ठेवा. कोवळ्या धुमाऱ्यांवर शेळ्या पडतात, तेव्हा जळक्या काट्यांचीच वई (कुंपण) करून घाला. दोन वर्षं तरी फळाचा हिशेब धरू नका. आषाढाच्या मध्यापर्यंत ज्या बुंध्याला काहीच फुटलं नाही, तिथं त्याच पावसात नवं रोप लावा.