विज्ञानकथेतील चकमक टेबलावर: नाशिकमध्ये सुरुवात कशी करावी

प्रत्येक बाजूला पाच ते दहा-बारा सैनिक, मध्ये परग्रहावरील उद्ध्वस्त वसाहत, हाताशी फासे आणि इंचांची टेप, एवढ्या साहित्यावर एका संध्याकाळी संपणारा डाव म्हणजे मिनिएचरचा (सैनिकांच्या छोट्या मूर्तींचा) स्कर्मिश, अर्थात चकमकीचा, खेळ. मोठ्या युद्धखेळांत पलटणीच्या पलटणी एकत्र हलतात. येथे मात्र प्रत्येक सैनिक स्वतंत्रपणे पुढे सरकतो, आडोसा शोधतो आणि गोळी झाडतो. नवखा खेळाडू बहुधा सुबक रंगवलेल्या मिनिएचरची छायाचित्रे पाहून या खेळाकडे वळतो आणि पहिला खर्चही त्यांच्यावरच करतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा: आधी नियम, मग रणभूमी, आणि मिनिएचर सर्वांत शेवटी.

नियम निवडताना ते कोणत्याही कंपनीच्या मिनिएचरसह खेळता येतात का, हे पाहावे. ‘ग्रिमडार्क फ्यूचर: फायरफाइट’चे मूळ नियम विनामूल्य उतरवून घेता येतात, त्याला नेहमीचे सहा बाजूंचे फासे पुरतात आणि मिनिएचर कोणतेही चालते. ‘स्टारग्रेव्ह’लाही कंपनीचे बंधन नाही, परंतु त्यासाठी वीस बाजूंचा फासा मिळवावा लागतो. ‘किल टीम’ हा गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचा खेळ तिच्याच मिनिएचरभोवती रचलेला आहे. ‘इन्फिनिटी’ या स्पॅनिश खेळात, शत्रू आपल्या नजरेच्या टप्प्यात हलला की त्याच्याच पाळीत आपला सैनिक प्रत्युत्तर देऊ शकतो. ही कल्पना मला फार आवडते, पण पहिल्या डावासाठी तिचे नियम जड आहेत. सुरुवात ‘फायरफाइट’ने करावी.

त्यातील चाल सोपी आहे. दोन्ही खेळाडू आळीपाळीने आपापला एकेक सैनिक हलवतात. सैनिकाने सहा इंच चालून गोळी झाडावी, गोळी न झाडता बारा इंच धावावे, किंवा जागेवर थांबून गोळी झाडावी. नेम लागला की नाही हे मारणाऱ्याचा फासा ठरवतो, आणि लागलेला वार अडवण्यासाठी समोरचा आपला फासा टाकतो. डाव चार फेऱ्यांचा असतो, आणि विजय किती शत्रू मारले यावर ठरत नसून पटावरील मोक्याच्या खुणा कोणाच्या ताब्यात राहिल्या यावर ठरतो. हे नवखे खेळाडू हमखास विसरतात आणि चारही फेऱ्या एकाच कोपऱ्यातून गोळीबार करण्यात घालवतात.

आता रणभूमी, कारण खेळाची खरी गंमत येथेच आहे. विज्ञानकथेतील जवळजवळ प्रत्येक सैनिकाकडे लांब पल्ल्याचे शस्त्र असते. त्यामुळे पट मोकळा असेल तर जो पहिली गोळी झाडेल तोच जिंकेल आणि चाल आखण्याला अर्थच उरणार नाही. फाशावर चार किंवा अधिक आल्यास नेम लागणार असेल तर शक्यता निम्मी असते. आडोशामुळे तेथे पाच लागत असतील तर ती एक तृतीयांशावर येते. डाव मांडताना डोळे टेबलाच्या पातळीवर आणून एका कडेकडून समोरच्या कडेकडे पाहावे, आणि आरपार सरळ रेषा दिसत असेल तर तेथे एखादी इमारत ठेवावी.

या खेळाला चार फूट लांब व तितकेच रुंद टेबल लागते. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा येतो. तो दुकानातच मधोमध कापून घेतला तर दोन मित्रांचे दोन पट होतात. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कोणी ओळखीचे असेल, तर यंत्रांच्या सुट्या भागांबरोबर येणारा थर्माकोल व फोम टाकून देऊ नये असे त्यांना सांगून ठेवावे. बिजागऱ्या, विजेच्या वायरिंगचे पाइप, बाटल्यांची बुचे आणि बिघडलेल्या रिमोटमधील सर्किट यांतून कारखान्याचा भाग उत्तम साधतो. थर्माकोल फेव्हिकॉलनेच चिकटवावा, कारण फेविक्विक आणि स्प्रे रंग दोन्ही तो विरघळवतात. सैनिक पूर्ण लपावा अशा भिंती किमान दोन इंच उंच ठेवाव्यात. कल्पना मात्र परदेशी छायाचित्रांतूनच घ्यायला हवी असे नाही. त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी एकदा या नजरेने पाहावीत, म्हणजे खडकात कोरलेले खांब, ओसऱ्या आणि अंधारी दालने यांतून लुप्त झालेल्या परग्रहवासीयांचे नगर सहज सुचेल.

पहिल्या काही डावांसाठी जाड कागदावर छापून कापलेल्या आकृत्या पुरेशा आहेत. कॉलेज रोडवरील छपाईच्या दुकानात हे काम होते. जोडीदार शोधण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या टोळ्या आपणच तयार ठेवाव्यात, कारण समोरच्याला काहीच विकत घ्यावे लागत नसेल तर तो लवकर तयार होतो. नियम अंगवळणी पडल्यावर २८ किंवा ३२ मिलिमीटर मापाची मिनिएचर घ्यावीत. प्लास्टिकच्या संचाला प्लास्टिक वितळवून जोडणारा खास गोंद लागतो, तर धातू व रेझिनला फेविक्विकसारखा झटपट गोंद लागतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले रेझिनचे मिनिएचर चिकट लागत असेल तर ते पूर्ण पक्के झालेले नाही असे समजावे आणि हातमोज्यांशिवाय हाताळू नये.

रंगकामाआधी प्रायमरचा थर द्यावा लागतो, आणि येथे हवामानाचा विचार करावा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत स्प्रे प्रायमरवर पांढुरकी झाक येते. एप्रिल-मेच्या दुपारी तो पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. नाशिकची हिवाळ्यातील उशिराची सकाळ यासाठी सर्वांत चांगली. इतर वेळी ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा. त्यावर ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून दोन हात द्यावेत. पायाखालच्या चकतीवर फेव्हिकॉल लावून चाळलेली बारीक वाळू टाकावी, आणि शेवटी मॅट वार्निश फिरवावे, कारण खेळताना बोटे सतत लागून कडांवरचा रंग सर्वांत आधी निघतो.