नर्सिंग झालं, आता वॉर्ड कोणता घ्यायचा?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, की नवीन मुली म्हणतात, "सिस्टर, मला आयसीयूच पाहिजे." मी त्यांना आधी निदान वर्षभर मेडिसिन वॉर्ड करायला सांगते. तिथे शुगर घसरलेला, दम लागलेला, डेंग्यूचा असे सगळे पेशंट एकाच ड्यूटीत भेटतात. मॉनिटर न बघता, नुसत्या चेहऱ्यावरून पेशंट बिघडतोय हे ओळखता येऊ लागतं. आयसीयूत हीच नजर कामाला येते.

मग स्वभाव बघून ठरवा. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पेशंटशी बोलणं जेमतेम. पण पोट शिवण्याआधी मॉप (रक्त टिपायचे कपडे) आणि हत्यारांची मोजणी जुळली नाही, तर सर्जनला थांबवायची हिंमत लागते. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, हात हलका हवा, आणि घाबरलेल्या आईला बाळ उराशी धरायला शिकवण्याचा धीरही. मानसोपचाराची ओढ असेल तर येरवड्याचं मनोरुग्णालय इथेच पुण्यात आहे.

डायलिसिस कोणी आपणहून मागत नाही. मी मात्र तिथेच रमले. तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास आपल्यासमोर असतात. त्यांच्या घरातलं लग्न, नातवाचा निकाल, सगळं आपल्याला ठाऊक असतं. पेशंट आला की आधी वजन घ्या, अंगातलं किती पाणी काढायचं ते त्यावर ठरतं. फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुईसाठी हातात ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीवर) बोटं ठेवून थरथर बघा. ती लागली नाही तर सुई टोचू नका, डॉक्टरांना बोलवा. त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही, रक्तही काढायचं नाही. मध्येच पेशंट जांभया देऊ लागला, घाम फुटला, पायात गोळे आले, तर लगेच बीपी तपासा. उपवासाच्या दिवसांत केळी आणि शहाळ्याबद्दल आठवणीने विचारा, पोटॅशियम वाढतं. विसर्जनाला लक्ष्मी रोडच्या बाजूचे रस्ते बंद होतात, म्हणून पेठांमधल्या पेशंटचं डायलिसिस आदल्या दिवशी लावून घ्या.

पुढे शिकायचं तर क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) अशा विषयांत एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा होतो. जीएनएमवाल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, त्यानंतर एम.एस्सी. आणि शिकवण्याची वाट.

मुलाखतीत पगाराइतकंच ठामपणे विचारा: रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, नीट वाचा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका.