केस गेलेल्या धन्याचं नाव घेताना: उखाणा रचायची रीत

हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो की अधिक महिन्यातलं धोंड्याचं जेवण, "नाव घे" म्हटलं की बायकांची नजर एकदा नाव घेणारीकडं आणि एकदा धन्याच्या डोक्याकडं जाते. टक्कल असेल तर उखाणा त्यावरच करावा, पण हसू नावातून फुटलं पाहिजे. नुसत्या डोक्याला हसणं कुणालाही जमतं. नावाशी गाठ बसली की उखाणा त्या एकाच माणसाचा होतो आणि तोही मोकळेपणानं हसतो.

आधी नाव फोडून बघा. केशवमध्ये केश आहेत. बालाजीत हिंदी-दखनीतले बाल आहेत, आणि आपल्या मराठवाड्यात बालाजी तर गल्लोगल्ली. चंद्रकांत, शशिकांत, प्रकाश, दीपक, भास्कर ही सगळी उजेडाची नावं. नावात काही सापडलं नाही तर आडनाव घ्या: मुंडे, भांगे, कुरळे, डोईफोडे. तेही नाही, तर गाव.

मग यमक, आणि ते शेवटाकडून सुरू करायचं. नाव बहुधा दुसऱ्या ओळीच्या अखेरीला येणार, म्हणून त्याला जुळणारे चार शब्द आधी कागदावर लिहा. चंद्रकांतला शांत, निवांत, प्रांत. बालाजीला राजी, ताजी, भाजी. केशवला यमक सहज मिळत नाही, तिथं 'राव' जोडा म्हणजे भाव, गाव, डाव हाताशी येतात. लातूर-उदगीरकडं 'अप्पा' लावत असतील तर गप्पा, टप्पा, कप्पा. 'नाव' आणि 'राव' ही जोडी मात्र टाळा. पहिली ओळ 'नाव'वर संपली की पुढचं सगळ्यांना आधीच कळतं.

बालाजीचा उखाणा असा बसतो:

तिरुपतीला केस दिले, उगवायला होईनात राजी,
बाल उरले नावापुरते, असे माझे बालाजी.

इथं सगळा जोर 'नावापुरते' या शब्दावर आहे. त्याचे दोन्ही अर्थ खरे ठरतात, म्हणून हसू येतं. केशवचं नाव तोडून:

कंगव्याला काम नाही, तेलाला उरला नाही भाव,
केश गेले, 'व' राहिला, तरी म्हणते केशवराव.

सगळ्यात चांगला उखाणा तो, ज्यात टक्कल हा शब्दच येत नाही:

अमावास्येला लाईट गेली, अख्खी गल्ली झाली शांत,
टोपी काढून ओट्यावर आले माझे चंद्रकांत.

चंद्र कुठला, हे ऐकणारा स्वतः ओळखतो. याच उखाण्यात "टक्कल चमकलं चंद्रासारखं" असं घातलं की तो मेला. ऐकणाऱ्याला ओळखायला काही उरत नाही. बहुतेक उखाणे इथंच फसतात. दुसरी चूक लांबीची: एक ओळ एका दमात म्हणता आली पाहिजे, म्हणजे साधारण पंधरा ते बावीस अक्षरं. बालाजीची पहिली ओळ थोडी लांब आहे, ती सावकाश म्हणू नका.

नाव सुनील किंवा विजय असेल आणि कोटीला जागाच नसेल, तर घरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, कामी येतं:

मृग बरसला चार दिवस, माळवदावर आलं गवत,
सुनीलरावांच्या डोक्यावर तेवढं काहीच नाही उगवत.

म्हणताना पहिली ओळ साध्या चालीत जाऊ द्या. नावाच्या आधी अर्धा श्वास थांबा, मग नाव खणखणीत घ्या. स्वतः आधी हसू नका. 'टकल्या', 'चकोट' असे शब्द सासू-सासऱ्यांसमोर नकोतच; त्यांच्या लेकाला चिडवल्यासारखं होतं.

काही वेळी हा विषय काढूच नये. आजारपणानं किंवा औषधानं केस गेले असतील, चाई पडली असेल, किंवा घरात कुणी वारल्यामुळं क्षौर केलेलं असेल, तर देवाचा किंवा सणाचा उखाणा घ्या. नव्या जावयाच्या पहिल्याच जेवणातही नको. एरवी आदल्या रात्री धन्याला एकदा म्हणून दाखवा. तो हसला नाही तर दुसरा रचा.

एक उखाणा जमला की "अजून एक" म्हणतातच. त्यासाठी गावाचा जवळ ठेवा, नाव कुठलंही चालतं:

माहेर माझं अंबाजोगाई, सासर माझं केज,
केसांविना दुप्पट झालं विजयरावांचं तेज.