मुलांचे दात: दुखेपर्यंत थांबू नका, या चुका टाळा

मूल रात्री गाल धरून रडायला लागलं की सकाळी दातांचा डॉक्टर शोधायचा, हा बहुतेक घरांतला क्रम. पण दाढ रात्री ठणकू लागते तेव्हा कीड अनेकदा आतल्या नसेपर्यंत गेलेली असते. चार महिने आधी एका फिलिंगवर भागलं असतं, तिथे मग रूट कॅनल आणि कॅप करावी लागते.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे ‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत’. समोरचे दात सहा-सात वर्षांना पडू लागतात, हे खरं. मागच्या दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या आधीच काढाव्या लागल्या की मागची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही आणि तो वाकडातिकडा येतो. म्हणून दाढ काढलीच, तर जागा राखणारी पट्टी बसवायची का, हे त्याच वेळी विचारून घ्या.

कीड घरीच लवकर दिसू शकते, फक्त बघायची सवय हवी. महिन्यातून एकदा मुलाचं डोकं मांडीवर घ्या, मोबाइलचा टॉर्च लावा आणि वरचा ओठ उचला. दात स्वच्छ फडक्याने कोरडा करा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का? पुसून गेली तर तो वर साचलेला चिकट थर होता. राहिली तर किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर फ्लोराइड लावून ती थोपवता येते. तपकिरी होऊन खड्डा पडला की ती वेळ गेली. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पटाशीचे दात आधी जातात, कारण खालच्या दातांवर जीभ असते. झोपताना बाटली हवीच असेल, तर तिच्यात साधं पाणी द्या.

मूल एकाच बाजूने चावतंय, पोळीचे कडक काठ ताटात ठेवतंय, एका जेवणाला तासभर लावतंय? ‘नखरे करतो’ म्हणण्याआधी दाढा बघा.

सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आईबाबांना पत्ताच लागत नाही आणि ती दुधाचीच समजून सोडली जाते. ही पक्की दाढ, आयुष्यभराची. तिच्या खोल खाचांत अन्न अडकतं. खाचा बुजवणारं सीलंट वेळेत लावलं तर ती बरीच सुरक्षित राहते.

दुखणं आपोआप थांबलं म्हणून अपॉइंटमेंट रद्द करणं हीही नेहमीची चूक. नस मेली की ठणका थांबतो, संसर्ग आतच राहतो. हिरडीवर पुळी दिसली तर ती फोडू नका, कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकला हात लावू नका. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लवंगेचं तेल थेट लावल्याने हिरडी भाजू शकते. आणि मिशरी? ती तंबाखूच आहे, मुलाच्या तोंडाजवळही नको.

उगाच घाबरण्यासारख्या गोष्टीही आहेत. खालचे पक्के दात दुधाच्या दातांमागून आले की घरात गोंधळ उडतो. बरेचदा पुढचा दात हलून पडतो आणि मागचा जिभेच्या रेट्याने पुढे येतो. पुढचा हलतच नसेल तर दाखवून या.

तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती १००० पीपीएम फ्लोराइडची आहे का, ते ट्यूबवर वाचा. लहान मुलांच्या गोड पेस्टमध्ये कधी कमी असतं, कधी नसतंच. सहा-सात वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलवरून पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता एरवी तोंडात दिसतो त्या भागाने तो धरा, घासू नका, गार दुधात टाका आणि निघा. अर्ध्या तासात पोचलात तर तो परत बसण्याची शक्यता चांगली. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

खर्चाची काळजी असेल तर नवी मुंबईत नेरूळ आणि कामोठ्याला डेंटल कॉलेजं आहेत. तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो आणि खासगी दवाखान्यापेक्षा खर्च सहसा कमी येतो. वेळ जास्त लागतो, तेव्हा शाळेला सुट्टी असेल तो दिवस बघा.